सामाईक भिंत

महाड
२ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न.

फोन तुम्ही उचलत नाही. आई उचलते आणि "हे जेवतायत" म्हणून ठेवते. सकाळी दहाला जेवताय, दुपारी चारलाही जेवताय. म्हणून लिहिते आहे. मुरारीकाकांची अक्षदा रोज कॉलेजला महाडला येते, तिच्या हाती पाठवते. उत्तरही तिच्याकडेच द्या.

सोमवारी रामजीकाका कोर्टाच्या आवारात आमच्या वकीलसाहेबांच्या टेबलाशी आले. तिथे टायपिंगला मी बसते हे त्यांना माहीत नव्हतं. मला बघून परत वळत होते, मीच हाक मारली. वीस तारखेला तहसील कचेरीत सुनावणी आहे, तिच्यासाठी त्यांचं म्हणणं टाईप करायचं होतं. मी केलं. त्यात असं आहे: दरडीत घर गेलं, नव्या वसाहतीत सोडतीने पाच नंबरचं घर आलं, पण दबाव आणून अठरा नंबरच्या घराशी अदलाबदलीच्या अर्जावर सही घेतली. अठरा नंबर वहाळाला लागून आहे. जुलैत घरात मांडीभर पाणी शिरलं, नीलाकाकी घसरून पडल्या, उजवा हात मोडला, अजून मूठ वळत नाही. पुढच्या पावसाच्या आत आमचं पाच नंबर आम्हाला परत द्या.

तो अदलाबदलीचा अर्ज माझ्या अक्षरात आहे, अण्णा. मे महिन्यात मी सुट्टीला घरी आले होते, तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिला. "आम्ही स्वखुशीने" हे शब्दही तुम्हीच सांगितलेत. तुम्ही म्हणालात, रामजीलाच टोकाला मोकळी जागा हवी आहे, कोंबड्या पाळायच्यात. मी विश्वास ठेवला. आता सांगा, नक्की काय झालं होतं?

रामजीकाकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते मला जास्त लागलं.

सेजल


साकवकोंड, ता. पोलादपूर
६ जानेवारी

चि. सेजल हिस आशीर्वाद.

तुजा कागद पोचला. वकिलाकडं बसून जीभ लांब झालीय तुजी. बापाला विचारते काय झालं. काय झालं ते तुज्याच हातचं हाय. तू लिवलंस, रामज्यानं सही केली, मुरारीनं केली, मी साक्षीदार. चोरी केली नाय कुणी.

तरी सांगतो, म्हंजे उगाच डोकं चालवणार नायस. नवी घरं जोडघरं हायत. दोन घरांत भिंत एकच. सोडतीत मला सहा आला नि रामज्याला पाच. त्या मधल्या भिंतीला माजा देव्हारा. पलीकडून ते लोक त्यांचे फोटो लावणार, त्याच भिंतीत खिळे ठोकणार. माज्या बापानं नि त्याच्या बापानं जे पाळलं ते मी सरकारी चिठ्ठीपायी सोडू? चिठ्ठी आंधळी असते. माणसानं डोळे वापरायचे असतात. मुरारीला अठरा आला होता, त्याला घेतला पाचात, रामज्याला दिला अठरा. सगळ्यांना घर मिळालं, कुणी उघड्यावर नाय.

मी कुणाला शिव्या देत नाय. रामज्या माज्या शेतावर आला तर चा पाजतो. त्याचा कप वेगळा ठेवलाय, तोपण फुटका नाय, चांगला हाय. आनि काय करायचं माणसानं?

नीलाचा हात मोडला तो तिच्या पायानं. घसरायला शेवाळ आमी लावलं नाय.

फोन उचलत नाय कारण हल्ली फोनवर रेकॉर्ड होतो. तुजा दादा मंगेश सांगत होता मुंबईवरून. वीस तारखेला तू कचेरीत येऊ नको. आलीस तर गप उभी राहा.

तुजा बाप
भागोजी


महाड
९ जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न.

रेकॉर्डिंगला भिऊन तुम्ही कागदावर लिहून दिलंत. तुमची कमाल आहे.

त्या कपाबद्दल आधी. तो निळ्या फुलांचा कप मी लहानपणापासून बघते आहे. पडवीतल्या वळचणीला पालथा असायचा. मी पाच वर्षांची असताना त्यातून पाणी प्यायले होते आणि आईने मला अंगणात उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं होतं. मला वाटलं कप घाण असेल. तुम्ही आज मोठ्या अभिमानाने लिहिताय की तो फुटका नाही.

तुम्ही परळला बत्तीस वर्षं राहिलात. गाववाल्यांच्या खोलीत बारा माणसं, भिंतीपलीकडे आणखी बारा. ते कोण होते, त्यांच्या भिंतीवर कुणाचे फोटो होते, हे कधी बघायला गेलात का? तेव्हा देव कसे राहिले?

दरड आली त्या आठवड्यात आपण सगळे शाळेत होतो. एकाच टोपात भात शिजत होता आणि लाकडं फोडायला रामजीकाकांचा प्रितम होता. तुम्ही दोन वेळा वाढून घेतलात, मी स्वतः वाढलंय. छप्पर डोक्यावर आलं आणि तुम्हाला भिंत आठवली.

आणि माझंही सांगते, कारण तुम्हाला एकट्याला बोलून मी सुटणार नाही. सहीच्या दिवशी रामजीकाका पायरीखाली उभे होते. अर्ज त्यांना वाचून दाखवावा हे माझं काम होतं, महाडला मी रोज तेच करते. मी वाचला नाही. तुम्ही घाई केलीत आणि मी पेन पुढे केलं. सही झाल्यावर मी पेन परत घ्यायला हात केला, तर तुम्ही म्हणालात, "राहू दे त्यालाच." मला वाटलं, अण्णांचं मन मोठं. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की ते पेन तुम्हाला परत घरात नको होतं. कळूनही मी गप्प बसले, आणि रात्री पापलेटचं कालवण खाऊन झोपले. त्याची मला लाज वाटते.

आपल्या जुन्या वाडीतही ते लोक वहाळाच्याच बाजूला होते. तिथे त्यांना कुणी बसवलं हे मी कधी विचारलं नाही. सोडतीने पहिल्यांदा सगळ्यांची नावं एका डब्यात टाकली, आणि तुम्ही पंधरा दिवसांत जुनी वाडी पुन्हा मांडून ठेवलीत. घरं सगळ्यांना सारख्या मापाची मिळाली हे खरं. पाणी एकाच घरात शिरलं.

वीस तारखेला मी येणार आहे आणि बोलणार आहे. हे आधी सांगते, म्हणजे मागाहून पाठीत वार केला म्हणायला नको. फक्त एक सांगा, रामजीकाकांना काय सांगून सही घेतलीत? खरं काय ते तुमच्या तोंडून कळू दे.

सेजल


साकवकोंड
१३ जानेवारी

सेजल,

उद्या संक्रांत. तुज्या आईनं तिळाचे लाडू बांधलेत, मी पाठवू दिले नाय. गोड बोलायची तोंडं वेगळी असतात.

परळचं मला सांगू नको. मुंबई ती मुंबई. तिथं देव नव्हते, कॅलेंडर होता. देव गावाला होते म्हणून तर मी बारा जणांत झोपलो. पोटासाठी माणूस काय बी करतो, पण म्हातारपणी घरी आला की घर घरासारखं पायजे. शाळेतला भात काढतेस? इपरीत काळाला नियम नसतो. मेलेली माणसं ताडपत्रीखाली होती, तवा मी पंगत बघत बसू?

तुला खरं ऐकायचंय ना, मग ऐक. होय, बोललो मी रामज्याला. बोललो, सही कर, नायतर तुज्या प्रितमला ह्या वसाहतीत एक वीट लावू देणार नाय. गवंडी हाय ना तो, मग जाऊ दे बिरवाडीला नायतर गोव्याला. अठरा घरांचे ओटे, पडव्या, न्हाणीघरं बांधायची होती, सगळी कामं गावकी ठरवणार, नि गावकी म्हंजे मी. रामज्यानं दोन मिनिटं इचार केला नि सही केली. मारलं नाय, धरलं नाय. गावात असंच चालतं. तुज्या वकिलाला विचार, त्याच्या गावात काय वेगळं चालतं काय.

तू माजी पोरगी असशील तर त्या दिवशी तोंड उघडणार नायस. उघडलंस तर ह्या घराची पायरी तुला नाय. दोनदा सांगणार नाय.

भागोजी


महाड
२२ जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न.

तुमचं तेरा तारखेचं पत्र मी तहसीलदार साहेबांच्या हातात दिलं. पाकिटासकट. तुम्ही समोरच्या बाकावर होतात, तरी लिहिते, कारण तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता.

मी उभी राहिले आणि सांगितलं की अदलाबदलीचा अर्ज मी लिहिला, रामजीकाकांना वाचून दाखवला नाही, त्यांची खुशी विचारली नाही. हे सांगायला एक मिनिट लागलं. आठ महिने मी ते एक मिनिट टाळत होते. मग साहेबांनी तुमचं पत्र पुढे करून विचारलं, "हे अक्षर तुमचं?" तुम्ही चष्मा चढवलात, कागद डोळ्याजवळ नेलात आणि म्हणालात, "माजंच हाय." खोटं बोलला नाहीत. एवढं एक मी तुमच्या बाजूला मांडून ठेवते.

बाहेर आल्यावर मुरारीकाका मला म्हणाले, "बापाला विकलंस गो." मी त्यांना विचारलं, पाच नंबर घेताना रामजीकाकांना एकदा तरी विचारलंत का? ते पान थुंकायला गेले.

आमच्या वकिलांनी रामजीकाकांना सांगितलं होतं की या पत्रावर वेगळी केस होऊ शकते आणि तुम्हाला जामिनासाठी धावावं लागेल. रामजीकाका म्हणाले, "मला माजं घर पायजे. भागोजी आत गेला म्हणून नीलाचा हात वळणार नाय." हे तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. तुम्ही त्यांना रामज्या म्हणता. यापुढे माझ्या समोर म्हणू नका.

तुमच्या पायरीवर मी येणार नाही. आईला मात्र महाडला यायला कुणी अडवायचं नाही.

सेजल


साकवकोंड
११ फेब्रुवारी

सेजल,

निकाल आला. एक मार्चपासून रामज्या पाचात, मुरारी अठरात. पेढे वाट आता महाडभर.

मी पोलादपूरला जाऊन अर्ज दिला. रेशनकार्डावरनं तुजं नाव कमी करायचा. आता कार्डावर मी नि तुजी आई. मंगेशलापण फोन करून सांगितलंय, तुज्याशी बोलायचं नाय. तो बोलला, "अण्णा, जाऊ द्या." त्यालापण मुंबईचं वारं लागलंय.

तुला वाटलं असेल, भागोजी हरला, आता गप भिंतीला भिंत लावून राहील. मी राहणार नाय. माज्या घरात, माज्या जागेत, त्या सामाईक भिंतीला चिकटून मी दुसरी भिंत घालणार हाय. नऊ इंची, वरपासून खालपर्यंत. ती माजी एकट्याची. तिला देव्हारा लावीन. खोली लहान झाली तर होऊ दे. माज्याच घरात मी किती जागा वापरायची ते कचेरी ठरवत नाय.

रावजी ठेकेदाराला सांगून ठेवलंय. पंचवीस तारखेला मी मुंबईला मंगेशकडं जातोय, मोतीबिंदू काढायचाय. पंधरा दिवसांनी येईन तवा भिंत उभी पायजे.

ह्यापुढं कागद पाठवू नको. अक्षदालापण सांगितलंय.

भागोजी


साकवकोंड
३० मार्च, पाडवा

(मी प्रियदर्शिनी, रामजींची मुलगी. काकी सांगतात तसंच लिहिते आहे, मधे माझं काही घालत नाही.)

सेजल गो,

हे पोलादपूरच्या बाजाराला गेलेत, म्हणून इकडं पाच नंबरात येऊन बसलेय. मागच्या दारानं आले. नीलानं चा दिला. तिच्या घरातला. मी प्याले. साठ वर्षांत पयल्यांदा. काय झालं नाय मला.

खोटं नाय बोलणार तुज्याशी. सोडत झाली तवा मलापण नको वाटलं होतं. ह्यांना एकट्याला दोष देऊ नको. लहानपणी तुज्या डोक्यावर पाणी मीच ओतलं होतं, ते तुला आठवतंय हे मला माहीत नव्हतं. हे तुजं पत्र मोठ्यांदा वाचत होते रागानं, तवा कळलं. त्या रात्री मला झोप नाय आली.

आता भिंतीचं सांगते. हे मुंबईला गेले नि रावजी ठेकेदार आला. त्याचे दोन गवंडी आंबेनळी घाटातल्या कामावर. बोलला, माणूस नाय, पण भागोजीदादांना शब्द दिलाय. मग दुसऱ्या दिवशी सकाळी प्रितमला घेऊन आला. तो रावजीकडंच कामाला हाय. मी दारात उभी राहिले. प्रितम बोलला, "काकी, आत येऊ का?" मी बाजूला झाले.

चार दिवस काम केलं त्यानं. ओळंबा लावून, दोरी धरून, एक वीट वाकडी नाय. ह्यांनी नऊ इंची सांगितली होती. प्रितमनं माप घेतलं नि बोलला, "काकी, नऊ इंची घातली तर तुमाला चुलीपाशी वळता यायचं नाय. मी चार इंची घालतो." त्यानं तशीच घातली. वरनं गिलावा केला, खालीवर घोटून. रावजीनं हजेरीचे पैसे दिले ते घेतले. जाताना बोलला, "काका आले की सांगा कुणी घातली. माजं काम मी लपवत नाय."

हे आले. डोळ्यावर काळा चश्मा. भिंतीला हात लावून बघितला, ठोकून बघितला, नि बोलले, "नऊ इंच म्हंजे नऊ इंच. असं काम हल्ली कोण करत नाय." दुसऱ्या दिवशी देव मांडले. आता रोज सकाळी त्या भिंतीपुढं हात जोडतात नि मी चुलीपाशी बसून बघते. अख्ख्या वाडीला माहीत हाय. सगळ्यांनी बघितलं प्रितमला विटा आत नेताना. ह्यांच्यामागं हसतात, तोंडावर कोण बोलत नाय. मुरारीभावजी तर सगळ्यांत जास्त हसतात. भावजी अठरात गेले नि आठ दिवसांत गावकीनं वहाळाला दगडी बंधारा घालायला घेतला. नीला पाण्यात पडली तवा कुणाला दगड दिसला नव्हता.

मला हसायला येत नाय गो. माणूस माजा हाय. आनि प्रितमचं काम चोरीचं नाय, ते चोरीसारखं का ठेवायचं? दोनदा सांगायला गेले नि चा ठेवून परत आले. तू लिही. तुजं ऐकणार नायत, पण वाचतात. तुजी सगळी पत्रं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरात ठेवलीत. मी बघितलंय.

माज्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात.

तुजी आई
तुळसा


महाड
४ एप्रिल

ती. अण्णांस,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे नव्या डोळ्याने तुम्हाला स्वतःला वाचता येईल, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. पोस्टाने पाठवते आहे. अक्षदाला बोलू नका. आईलाही एक शब्द बोलायचा नाही. बोललात असं कळलं तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने येऊन मी तिला महाडला घेऊन जाईन, आणि मग रेशनकार्डावर तुम्ही एकटे.

तुमच्या देव्हाऱ्यामागची भिंत प्रितमने घातली आहे. रामजीकाकांच्या प्रितमने. ज्याला तुम्ही वसाहतीत एक वीट लावू देणार नव्हतात, त्याने तुमच्या घरात सगळ्या लावल्या. रावजीकडे दुसरा गवंडी नव्हता. भिंत नऊ इंची नाही, चार इंची आहे. खोटी वाटत असेल तर दाराच्या कडेला टेप लावून बघा. आईला चुलीपाशी वळता यावं म्हणून त्याने ती बारीक घातली. तुम्हाला ते सुचलं नव्हतं. गिलाव्यावर शेवटचा हात त्याचा फिरलाय, आणि त्याच्यापुढे तुम्ही तीन आठवडे रोज सकाळी हात जोडताय.

हे तुम्हाला त्यानेच सांगायला सांगितलं होतं, काम संपवून जाताना. त्याला काही लपवायचं नव्हतं. वाडीने लपवलं, कारण वाडीला मजा येत होती. तुम्ही ज्यांच्यासाठी हे सगळं पाळलंत ते तुमचे लोक तुमच्या पाठीमागे हसतायत, अण्णा. रामजीकाकांच्या घरात कुणी हसत नाही. मला तुमचा अजून राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही, पण त्या हसण्याचाही मला राग आला, म्हणून लिहिते आहे.

घर तुमचं आहे. पाडायची तर पाडा. पाडलीत की मागे तीच सामाईक भिंत आहे, अर्धी तुमची, अर्धी नीलाकाकींची. ठेवलीत तर ही प्रितमची. देव कुठल्या भिंतीला लावायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मला विचारू नका आणि मंगेशला फोन करू नका.

आईच्या गोळ्या या पाकिटातच आहेत. सकाळी नाश्त्यानंतर एक.

आणि पाडायला माणूस लागला तर रावजीकडे निरोप द्या. प्रितम येईन म्हणालाय. हजेरी तीच घेईल.

सेजल